गावाचा पैसा, गावाचा निर्णय : विदर्भातल्या लोकनिधीची पार्श्वभूमी

गावातल्या, फार तर तालुक्यातल्या लोकांनी मिळून एक कायम निधी उभा करायचा. मुद्दलाला हात लावायचा नाही; व्याजातून शाळा, दवाखाना, पाणी, शिष्यवृत्त्या यांना मदत द्यायची आणि कोणाला किती, हे तिथल्याच माणसांच्या समितीनं ठरवायचं. कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे लोकनिधी, म्हणतात ते हेच. 1914 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरनं ही रचना पहिल्यांदा उभी केली. जुन्या मृत्युपत्रांतल्या कालबाह्य अटींत अडकणारा दानाचा पैसा शहराच्या आजच्या गरजेला लागावा, हा त्यामागचा विचार होता.

विदर्भातल्या खेड्यांना हे नाव नवं आहे, रीत बरीच जुनी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मालगुजारी तलाव, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या, ताब्यात असलेले जुने तलाव पाहा. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे. कोहळी समाजानं त्या बळावर धान आणि उसासाठी तलावांमागून तलाव खोदले. असे सहा हजारांहून अधिक तलाव या पट्ट्यात आहेत. ज्यांच्या वावराला पाणी मिळे, ते पाळ दुरुस्त करायला आणि गाळ काढायला येत, गाळ पुन्हा शेतातच जाई. मालगुजारी ही काही न्यायाची व्यवस्था नव्हती. गावावर मालगुजाराची हुकमत चाले आणि रयत दबलेली असे. तरी तलावाची देखभाल कोणी करायची, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि हळूहळू ही रीत मोडली. मालकी बदलताना देखभालीची जबाबदारी गावाकडे राखायला हवी होती. तसं न झाल्यानं कित्येक तलाव गाळानं भरले. मला हे नुकसान फार मोठं वाटतं.

पश्चिमेकडे, वऱ्हाडात, दानाला वळण लावलं ते संतांनी. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांना देवापुढचा पैसा माणसांकडे वळवायला शिकवलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या, आणि बाबांनी त्यांवर स्वतःचा किंवा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. देणाऱ्याचा विश्वास बसला तो यामुळे. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांतून श्रमदानाची सवय लावली. त्याच दशकाच्या सुरुवातीला मध्य प्रांत-वऱ्हाडाचे मंत्री असलेले डॉ. पंजाबराव देशमुख देवस्थानांच्या संपत्तीचं विधेयक मांडत होते. मंदिरांत साठणारा पैसा शिक्षणाला लागावा, हा त्यांचा आग्रह. कुष्ठरुग्णांसाठी 1946 मध्ये अमरावतीला तपोवन आणि 1949 मध्ये महारोगी सेवा समिती, म्हणजे वरोऱ्याचं आनंदवन चालवणारी संस्था, सुरू झाली. याही कामांना पुढे समाजाच्या देणग्यांचा मोठा आधार मिळाला.

मात्र या साऱ्यांत देणारे अनेक आणि ठरवणारा एक, असंच चित्र बहुधा राहिलं. ते बदललं वर्धा जिल्ह्यात. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयानं 1980 च्या आसपास आजूबाजूच्या खेड्यांत ज्वारीवर चालणारी आरोग्य योजना आणली. सुगीत घरटी ज्वारी गोळा व्हायची: भूमिहीनानं थोडी, मोठ्या शेतकऱ्यानं त्याच्या जमिनीच्या मानानं जास्त. गावातली बहुसंख्य घरं आली तरच योजना लागू होई. त्या निधीतून गावचा आरोग्यसेवक आणि औषधं, आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर सवलत. रोकड हाती नसलेल्या माणसालाही देणारा म्हणून मान मिळाला, हे मला या योजनेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) त्याही पुढे गेलं. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला आणि 2013 मध्ये गाव ग्रामदानी झालं, म्हणजे लोकांनी आपली जमीन ग्रामसभेच्या नावे केली. तिथे खर्चाचा निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होतो. वरूडसारख्या तालुक्यात 2016 च्या पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेनं श्रमदानाला पुन्हा जोर आणला. पण दुरुस्तीचा खर्च दरवर्षी येतो आणि स्पर्धेचा काळ थोडा असतो. कायम निधीची गरज इथेच जाणवते.

कायद्याच्या बाजूनं असा निधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवता येतो, हिशेबाची तपासणी बंधनकारक असते आणि प्राप्तिकर विभागाची, 80-जी म्हणून ओळखली जाणारी, मान्यता मिळाली तर देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मागता येते. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं, तेही स्थानिक भागाला प्राधान्य देऊन. चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या आणि वीज केंद्रांच्या पट्ट्यात या तरतुदीला मोठा अर्थ आहे. फक्त, तो पैसा कुठे जायचा हे कंपनीचं संचालक मंडळ आणि त्याची समिती ठरवते. खाणीशेजारच्या गावातल्या माणसाला तिथे खुर्ची नसते. गावाचा स्वतःचा नोंदणीकृत निधी असेल, तर निदान त्या पैशाचा काही भाग मागायला आणि त्याचा हिशेब चावडीवर वाचायला कोणी तरी उभं राहू शकतं.