आयटी सपोर्टमध्ये शिरताना: सर्टिफिकेट आलं कुठून?

डिप्लोमा झालेली मुलं आजही विचारतात, ‘ए प्लस (संगणक दुरुस्ती आणि सपोर्टचं प्राथमिक प्रमाणपत्र) करू, की आधी एखाद्या दुकानात हात बसवून घेऊ?’ हा वाद जुना आहे आणि तो विद्यार्थ्यांनी सुरू केलेला नाही. संगणक विकणारा एक आणि दुरुस्त करणारा दुसरा, अशी वेळ आली तेव्हा तो सुरू झाला.

आपल्याकडे ही वेळ एका सरकारी धोरणामुळे आली. 1973 च्या ‘फेरा’ म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याखाली परदेशी कंपन्यांना इथल्या उपकंपनीतली मालकी कमी करायला सांगितलं गेलं. आयबीएमने नकार दिला आणि 1978 मध्ये गाशा गुंडाळला. तोवर त्यांची यंत्रं त्यांचेच इंजिनिअर सांभाळत. देशभर पसरलेली ती यंत्रं मग कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या सरकारी कंपनीकडे आली. दुसऱ्याने बनवलेलं यंत्र चालू ठेवणं हाच जिचा धंदा, अशी कंपनी आपल्याकडे सत्तरच्या दशकातच होती. आयटीचा आपला इतिहास सांगताना सगळे सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतात. मला ते अर्धवट वाटतं.

अमेरिकेत निमित्त वेगळं होतं. 1981 मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि पाठोपाठ त्याच्या नकला आल्या. डिस्क एकाची, मदरबोर्ड दुसऱ्याचा, प्रिंटर तिसऱ्याचा. बिघाड झाला की गिऱ्हाईक दुकानदाराचीच मान धरणार. अशा विक्रेत्यांनी 1982 मध्ये संघटना काढली, तीच 1990 मध्ये कॉम्पटिया झाली. 1993 मध्ये तिने ए प्लस परीक्षा आणली. कोणत्याही ब्रँडचं यंत्र समोर आलं तरी हा माणूस गांगरणार नाही, एवढी खात्री मालकाला हवी होती. नेटवर्कचं सॉफ्टवेअर बनवणारी नॉव्हेल आणि मायक्रोसॉफ्ट यांची प्रमाणपत्रंही याच सुमाराची, पण ती त्यांच्या त्यांच्या मालापुरती.

मुंबईत तेव्हा वेगळीच शाळा भरत होती. 1984 च्या संगणक धोरणाने आयात सैल केली आणि पुढे लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड पीसीचा बाजार फुलला. तिथे परीक्षा नव्हती, उस्ताद होता. रॅम काढायची, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचं, परत घट्ट बसवायची आणि बीप ऐकायची. सलग बीप वाजत राहिले तर बहुधा रॅम, डिस्प्लेच नसेल तर डिस्प्ले कार्ड हलवून बघ. एकाच केबलवर दोन हार्डडिस्क असतील तर मास्टर-स्लेव्हचे जंपर, म्हणजे मुख्य डिस्क कोणती आणि दुय्यम कोणती हे ठरवणाऱ्या छोट्या पिना, तपास. साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड एकाच आयआरक्यूवर (प्रोसेसरचं लक्ष वेधायची ओळ) भांडायला लागली की निम्मा दिवस गेला. असं शिकलेली पोरं पुढे एएमसीच्या, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट घेणाऱ्या, कंपन्यांत फील्ड इंजिनिअर झाली, मोठ्या ऑफिसांत तिथेच मुक्काम ठोकणारे रेसिडेंट इंजिनिअर म्हणून बसली. इंग्रजीत अर्ज लिहिताना मात्र अडायची, आणि दाखवायला कागद नसल्याने पगारही अडायचा. हार्डवेअरचे क्लास फोफावले ते याच उणिवेवर.

मग कागद पुढे पळाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एमसीएसई या मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्राची लाट आली आणि ‘पेपर एमसीएसई’ ही शिवीही. प्रश्नोत्तरांचे ‘डम्प’ पाठ करून पास झालेल्याला सर्व्हरसमोर उभं केलं की हात थरथरत. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोच्या सीसीआयई परीक्षेत 1993 पासून प्रत्यक्ष लॅब होतीच. 1999 मध्ये लिनक्सवाल्या रेड हॅटनेही चालू मशीनवर काम करून दाखवायला लावणारी आरएचसीई परीक्षा आणली. ए प्लसला जाग उशिरा आली. एकदा मिळवलं की जन्मभर चालणारं हे प्रमाणपत्र 2011 पासून तीन वर्षांचं झालं आणि 2012 मध्ये त्यात करून दाखवायचे प्रश्न आले.

जाता जाता एक गोंधळ निस्तरायला हवा. एमएस-सीआयटी ही संगणक वापरणाऱ्यासाठी आहे, दुरुस्त करणाऱ्यासाठी नाही. सरकारी अर्जाला ती लागते, सपोर्टच्या मुलाखतीत तिचं वजन पडत नाही.

दरम्यान कामच बदललं. स्क्रू ड्रायव्हर मागे पडला. विंडोज 2000 सोबत कंपनीतली सगळी खाती एका जागेवरून सांभाळणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली, ब्रिटिश सरकारी यंत्रणेत तयार झालेल्या आयटीआयएल या आयटी सेवेच्या कार्यपद्धतीची भाषा कंपन्यांनी उचलली, आणि फोनवर बसून रिमोटने दुसऱ्या शहरातलं मशीन सुरू करायची सवय झाली. आज पुण्यातल्या सर्व्हिस डेस्कवर पहिल्या पातळीच्या मुलाचा दिवस पासवर्ड रिसेट, लॉक झालेली खाती, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) आणि न निघणारी प्रिंट यांत जातो. तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, काय नीट लिहिलं यावर पुढच्या माणसाचा अर्धा तास वाचतो किंवा वाया जातो. गूगलने 2018 मध्ये कोर्सेरावर आणलेला आयटी सपोर्टचा कोर्स पूर्वअनुभव नसलेल्यांसाठी आहे, आणि त्यात ग्राहकाशी बोलणं हाही अभ्यासाचा भाग आहे, ते यामुळेच.

अनुभवाची अपेक्षा मात्र सुटलेली नाही. ए प्लसला बसायला ती सक्तीची नसली तरी कॉम्पटिया साधारण वर्षभराचा प्रत्यक्ष अनुभव सुचवतेच. फरक इतकाच, की सुरुवातीचा सराव आता घरी होतो. बऱ्यापैकी रॅमचा लॅपटॉप, एका मशीनमध्ये दुसरं मशीन चालवणारं, फुकट मिळणारं व्हर्च्युअलबॉक्स आणि विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची चाचणी आवृत्ती. त्यावर डोमेन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या ताब्यातलं छोटं नेटवर्क, उभं करायचं, मुद्दाम डीएनएसचा (नावावरून मशीन शोधणारी सेवा) पत्ता चुकवायचा आणि लॉगिन का होत नाही ते शोधायचं. मुलाखतीत ‘लॉगिन होतंय, पण नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही, काय बघाल?’ असं विचारलं की डम्पवाला व्याख्या सांगू लागतो. घरी हे उद्योग केलेला आधी उलट विचारतो, ‘एकालाच दिसत नाही की सगळ्यांना?’