रिकाम्या सर्व्हरचं भाडं

२०२४ च्या एप्रिलमध्ये एका प्रोग्रॅमरने ॲमेझॉनच्या एस-३ या साठवण सेवेत एक खासगी बकेट (फाइली ठेवायचा कप्पा) उघडलं आणि चाचणीपुरत्या थोड्या फाइली टाकल्या. दोन दिवसांनी बिल पाहिलं, तर ते १,३०० डॉलरच्या वर गेलेलं. एका दिवसात सुमारे १० कोटी विनंत्या त्या बकेटवर आदळल्या होत्या. एका लोकप्रिय ओपन सोर्स प्रणालीच्या मूळ सेटिंगमध्ये बॅकअपची जागा म्हणून नेमकं त्या बकेटचंच नाव लिहिलेलं होतं. ते न बदलता प्रणाली बसवलेले संगणक इमानेइतबारे तिकडे बॅकअप पाठवू पाहत होते. त्यांच्या विनंत्या नाकारल्या जात होत्या, पण नाकारलेल्या विनंतीचे पैसेही बकेटच्या मालकाच्या खात्यावर चढत होते. बराच गदारोळ झाल्यावर मे महिन्यात ॲमेझॉनने तो नियम बदलला.

ते प्रकरण मिटलं. ‘क्लाउडमध्ये (म्हणजे कंपनीच्या केंद्रातले संगणक भाड्याने घेताना) जेवढं वापराल तेवढेच पैसे’ ही समजूत मात्र आहे तिथेच आहे. बिलाचा मीटर मोजतो ते आरक्षण. एम५.लार्ज नावाचं दोन आभासी सीपीयू आणि ८ जीबी मेमरीचं मशीन घ्या. ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया केंद्रात त्याचा जाहीर दर तासाला ०.०९६ डॉलर आहे (या लेखातले पुढचे दरही तिथलेच, कर आणि सवलती सोडून). महिन्याचे ७३० तास धरले तर ७० डॉलर होतात. सीपीयू ३ टक्के चालला काय किंवा ९० टक्के चालला काय, आकडा तोच. टॅक्सी दारात उभी असली तरी वेटिंग लागतं, तसंच हे.

मग उपाय सरळ वाटतो: लहान मशीन घ्या आणि काठोकाठ भरा. खर्च कमी करायला निघालेले बरेच जण इथेच घसरतात, कारण काठोकाठ भरलेला सर्व्हर निकामी असतो. का, ते सांगणारं गणित शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीला किती लाइनी लागतील, हे काढताना ॲग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये त्याचा पाया घातला.

समजा, एक विनंती पूर्ण करायला सर्व्हरला २० मिलिसेकंद लागतात. विनंत्या बरोबर दर २० मिलिसेकंदांनी एकेक करून आल्या असत्या, तर सर्व्हर १०० टक्के व्यस्त राहूनही कुणाला थांबावं लागलं नसतं. पण माणसं ठरवून बटण दाबत नाहीत. कधी क्षणभर कुणीच नसतं, तर कधी पाच जण एकदम येतात. रिकामा गेलेला क्षण पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाही, गर्दी मात्र रांगेत साठत जाते. सगळा घोळ या विषमतेत आहे. आगमन यादृच्छिक आणि कामाचा वेळ कमीजास्त धरला, तर सर्वांत साधं सूत्र असं मिळतं: सरासरी प्रतिसादकाळ म्हणजे कामाचा वेळ भागिले (१ वजा व्यस्तता).

आकडे घालून पाहू. व्यस्तता ५० टक्के असेल तर प्रतिसाद ४० मिलिसेकंदांत येतो. ८० टक्क्यांना १००, ९० टक्क्यांना २०० आणि ९५ टक्क्यांना ४०० मिलिसेकंद लागतात. ५० वरून ८० वर जाताना ६० मिलिसेकंद वाढले, आणि ९० वरून ९५ वर जाण्याच्या पाच टक्क्यांतच २००. आलेख बराच वेळ आडवा चालतो आणि मग भिंतीसारखा उभा राहतो. म्हणून ‘आमचा सीपीयू सरासरी ४० टक्केच चालतो, म्हणजे ६० टक्के पैसा वाया’ असा हिशेब मांडणाऱ्याकडे थोडं संशयाने पाहावं. त्या ६० टक्क्यांतला काही भाग रांग न लागू देण्याची किंमत आहे.

नेमका किती, हे रांगेच्या रचनेवर ठरतं, आणि या शास्त्रातला सगळ्यांत सुंदर भाग हाच. दहा सर्व्हर आहेत, प्रत्येकाची रांग वेगळी आणि प्रत्येक जण ८० टक्के व्यस्त. वरच्या सूत्राप्रमाणे प्रत्येक विनंतीला काम सुरू होण्याआधी सरासरी ८० मिलिसेकंद थांबावं लागतं. आता तेच दहा सर्व्हर, तेवढंच काम, पण रांग एकच. जो मोकळा होईल तो पुढची विनंती उचलेल. एरलांगच्या दुसऱ्या सूत्राने हिशेब केला तर थांबण्याची वेळ येण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के निघते आणि सरासरी प्रतीक्षा जेमतेम ४ मिलिसेकंद. एकही मशीन न वाढवता प्रतीक्षा वीसपट कमी झाली. कारण वेगळ्या रांगांमध्ये एका सर्व्हरपुढे सहा जण ताटकळत असताना शेजारचा रिकामा बसलेला असू शकतो. एका रांगेत ते घडतच नाही.

याचंच व्यापक रूप म्हणजे वर्गमुळाचा नियम. सरासरी काम भागवायला जेवढे सर्व्हर पुरतील, त्यावर राखीव साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत लागतात. पट १ धरू. ४ सर्व्हरच्या कामाला वर २ लागतात, म्हणजे ५० टक्के राखीव. १०० च्या कामाला वर १०, म्हणजे १० टक्के. १०,००० च्या कामाला वर १००, म्हणजे फक्त १ टक्का. क्लाउड कंपन्यांचा धंदा बराचसा या वर्गमुळावर उभा आहे. लाखो ग्राहकांचे चढउतार एकमेकांना खोडून काढतात, त्यामुळे त्यांचा राखीव साठा प्रमाणाने छोटा राहतो. आपला ताफा छोटा असल्यामुळे आपला राखीव साठा प्रमाणाने मोठा असतो, आणि त्याचं भाडं आपण भरतो. (चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र असले तरच हे खरं. एखाद्या मोठ्या सामन्याच्या रात्री सगळे एकदम आले, तर वर्गमुळाचा नियम धरून चालत नाही.)

एवढं समजलं की किंमत कमी करण्याचे बहुतेक मार्ग याच गणितातून उलगडतात.

पहिला मार्ग, रांगा एकत्र करणं. सहा छोट्या सेवा सहा वेगळ्या मशीनवर ठेवण्यापेक्षा कंटेनरमध्ये (एकाच मशीनवर अनेक सेवा वेगवेगळ्या ठेवणाऱ्या डब्यांत) घालून एका सामाईक ताफ्यावर चालवल्या, तर राखीव जागा सगळ्यांची मिळून एकच लागते. ऑटोस्केलिंगचं, म्हणजे गर्दीप्रमाणे मशीनं आपोआप वाढवण्या-काढण्याचं, व्यस्ततेचं लक्ष्य ६० टक्क्यांच्या आसपास ठेवावं. मशीन वाढवायची घाई करावी आणि काढायची करू नये, कारण नवं मशीन तयार व्हायला दोन-तीन मिनिटं जातात आणि तेवढ्यात ती भिंत गाठलेली असते. आकार कमी करताना एक सापळा आहे. ॲमेझॉनच्या मूळ निरीक्षण आलेखांत सीपीयू दिसतो, मेमरी दिसत नाही. त्यासाठी मशीनवर वेगळा एजंट, म्हणजे मोजमाप पाठवणारा छोटा प्रोग्रॅम, बसवावा लागतो. नुसता सीपीयू पाहून मशीन निम्म्यावर आणलं, की रात्री मेमरी संपून प्रक्रिया मरते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी घाबरून आधीपेक्षाही मोठं मशीन घेतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. ‘मोठं मशीन म्हणजे सुरक्षित’ ही निव्वळ श्रद्धा आहे, मोजमापाची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरा मार्ग, कंपनीचा राखीव साठा स्वस्तात वापरणं. तो बहुतेक वेळ मोकळाच असतो, म्हणून ‘स्पॉट’ नावाने जाहीर दराच्या ९० टक्क्यांपर्यंत सवलतीत विकला जातो. अट अशी, की गरज पडली की ॲमेझॉन दोन मिनिटांची सूचना देऊन मशीन काढून घेतं. गूगलची सूचना तर ३० सेकंदांची. व्हिडिओचं रूपांतर, चाचण्या, रात्रीचे अहवाल अशी तुकड्यांत होणारी कामं इथे द्यावीत. दर काही मिनिटांनी केलेलं काम बाहेरच्या साठ्यात लिहून ठेवावं, म्हणजे मशीन गेलं तरी शेवटचा तुकडाच पुन्हा करावा लागतो. डेटाबेस मात्र स्पॉटवर ठेवू नये.

तिसरा मार्ग, बांधिलकी. एक किंवा तीन वर्षांचा ठराव केला की दर उतरतो, कारण आपली अनिश्चितता कमी झालेली कंपनीला विकत हवी असते. पण किती ठरवायचं? सरासरीएवढं, असं बहुतेक जण म्हणतात आणि चुकतात. समजा सवलत ४० टक्के आहे. ठरवलेल्या मशीनचे ६० टक्के पैसे दर तासाला द्यायचेच, वापरा अथवा नका वापरू. म्हणजे जे मशीन ६० टक्क्यांहून अधिक तास कामात असेल, तेच ठरवणं परवडतं. मागच्या तीन महिन्यांचे ताशी वापराचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि खालून ४० टक्क्यांवरचा आकडा घ्या. ठराव तेवढ्याचाच करा. सवलत २५ टक्के असेल तर खालून २५ टक्क्यांवरचा. थोडक्यात, सवलतीची टक्केवारी हीच आकड्याची जागा. आणि आकार कमी करण्याचं काम यापूर्वी उरकलेलं असावं; नाहीतर फुगलेल्या मशीनवरच तीन वर्षांचं शिक्कामोर्तब होतं.

‘सर्व्हरलेस’चा, म्हणजे मशीन न घेता फक्त काम चाललं तेवढ्या वेळाचे पैसे देण्याच्या पद्धतीचा, गाजावाजाही याच तराजूत घालून बघता येतो. ॲमेझॉनच्या लॅम्डा या अशा सेवेत १ जीबी मेमरी सेकंदभर वापरल्याचे ०.००००१६६६६७ डॉलर पडतात. महिनाभर सतत चालवली तर जीबीमागे जवळपास ४४ डॉलर होतात. वरच्या एम५.लार्जवर जीबीमागे पावणेनऊ डॉलर पडतात. म्हणजे मेमरीपुरतं बोलायचं तर तासातली १२ मिनिटंही काम नसेल, तेव्हाच लॅम्डा स्वस्त. ‘क्लाउड सोडा, स्वतःचे सर्व्हर घ्या’ हा सध्याचा उलटा फॅशनेबल सल्लाही तपासून घ्यावा. लोकांच्या फाइली सांभाळणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीने त्यांचा साठा स्वतःच्या केंद्रांत हलवला आणि दोन वर्षांत ७.४६ कोटी डॉलर वाचवल्याचं शेअर बाजारात येताना सांगितलं. त्यांचा साठा प्रचंड आणि संथ वाढणारा होता, वर्गमुळाचा फायदा त्यांच्या स्वतःच्याच खिशात होता. चार सर्व्हरवाल्याने त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही.

आता ज्यांत कसलंही सुंदर गणित नाही, पण पैसा गळतो, अशा जागा.

चाचणीची मशीनं आठवड्याच्या १६८ तासांपैकी ५० तास लागतात. उरलेला वेळ बंद ठेवली तर भाडं ७० टक्क्यांनी उतरतं. डिस्कचं भाडं मात्र मशीन बंद असतानाही चालू राहतं. ॲमेझॉनचा व्यवस्थापित डेटाबेस बंद केला तर सात दिवसांनी आपोआप सुरू होतो, हे माहीत नसलेल्यांना महिनाअखेरीस कळतं. ॲमेझॉनच्या जुन्या जीपी२ प्रकारच्या डिस्का नव्या जीपी३ प्रकारात बदलल्या तर जीबीमागे महिन्याला १० सेंटऐवजी ८ पडतात आणि बदल चालू मशीनवर होतो. मात्र जीपी३ चा मूळ वेग सेकंदाला १२५ एमबी असतो, तर मोठ्या जीपी२ ला २५० पर्यंत मिळत होता. वेग वेगळा मागून घेतला नाही तर डेटाबेस रांगायला लागतो.

खासगी जाळ्यातले सर्व्हर नॅट गेटवेतून, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या सामाईक दारातून, बाहेर जातात. त्याच्या ताशी भाड्याशिवाय जीबीमागे साडेचार सेंट पडतात. एस-३ ची वाहतूकही त्याच वाटेने जात असेल, तर महिन्याला १०,००० जीबीचे ४५० डॉलर होतात. त्याच विभागातल्या एस-३ साठीचा गेटवे एंडपॉइंट (थेट आतली वाट) फुकट असतो आणि राउट टेबलात (वाहतूक कुठून जाईल त्याच्या यादीत) एक नोंद वाढवली की झालं.

लॉगमध्ये, म्हणजे प्रणाली स्वतःच्या कामाच्या ज्या नोंदी लिहीत जाते त्यांत, लोक चुकीचा नळ बंद करतात. क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या निरीक्षण सेवेत लॉग आत घेण्याचा दर जीबीला ५० सेंट, साठवण्याचा महिन्याला ३ सेंट. आत घेण्याच्या पैशात सोळा महिन्यांची साठवण निघते! साठवणीची मुदत ३० दिवसांवर आणून फारसं वाचत नाही. दोष शोधण्यासाठीचे सविस्तर डीबग लॉग उगमापाशीच बंद करावे लागतात.

‘जुन्या फाइली स्वस्त साठ्यात टाका’ हा सल्लाही आंधळेपणाने पाळू नये. १० केबीच्या १ कोटी फाइली म्हणजे १०० जीबी. एस-३ च्या नेहमीच्या साठ्यात त्यांचे महिन्याला २.३० डॉलर पडतात. क्वचित लागणाऱ्या फाइलींसाठीच्या ग्लेशियर डीप अर्काइव्ह या साठ्याचा दर त्याच्या तेविसाव्या हिश्श्याएवढा, म्हणून मोह होतो. पण तिथे प्रत्येक फाइलीमागे नोंदीसाठी ८ केबी जुन्याच दराने आणि ३२ केबी नव्या दराने लागतात. बेरीज केली तर नवं भाडं २.२६ डॉलर. वाचले चार सेंट. हलवण्याचं शुल्क हजार फाइलींना ५ सेंट, म्हणजे एकदाच ५०० डॉलर. २०२४ च्या सप्टेंबरनंतर केलेले आपोआप हलवणीचे नियम १२८ केबीपेक्षा लहान फाइली आपोआप वगळतात. त्याआधीचे नियम उघडून पाहायला हवेत. फाइली आधी एकत्र बांधून मोठ्या गठ्ठ्यांनी हलवल्या, तर मात्र तोच साठा खरोखर स्वस्त पडतो.

हे सगळं करण्याआधी प्रत्येक मशीनला, डिस्कला आणि बकेटला मालकाचं आणि कामाचं टॅग लावून घ्यावं, कारण टॅग लावण्याआधीचा खर्च मागाहून नीट वाटता येत नाही. बजेट अलर्टही लावावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. खर्चाचे आकडे काही तास उशिरा पोचतात आणि नुसता अलर्ट काहीही थांबवत नाही. मशीन बंद करण्याची कृती त्याला वेगळी जोडावी लागते.