4 लाख पेशी टोचल्या की आतडे का सुजते?

औषधांच्या दुकानात 'इम्युनिटी वाढवा' असे छापलेल्या बाटल्या रांगेने मांडलेल्या असतात. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतले पाणी, जितके जास्त तितके बरे, ही समजूत त्यामागे आहे. क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतडे दीर्घकाळ सुजवणारे आजार झालेल्या माणसाच्या आतड्यात मात्र प्रतिकारपेशी भरपूर असतात आणि त्यांच्याच माऱ्याने आतड्याला जखमा होतात.

प्रतिकारशक्ती नुसती वाढवली तर काय होते, हे फिओना पावरी या ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये उंदरांवर दाखवले. हा प्रयोग मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

निरोगी उंदराची प्लीहा काढून तिच्यातल्या पेशी सुट्या करतात. त्यांतल्या सीडी4 जातीच्या टी-पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिकारपेशींना, चमकणारी प्रतिपिंडे चिकटवतात. मग सीडी45आरबी हे प्रथिन कोणत्या पेशीवर जास्त आणि कोणत्या पेशीवर कमी आहे, ते पाहून सॉर्टर यंत्र त्यांचे दोन गट करते. जास्त प्रथिनवाल्या पेशी बहुतेक कोऱ्या, म्हणजे अजून कुठल्याच जंतूशी गाठ न पडलेल्या असतात. कमी प्रथिनवाल्या अनुभवी.

आता 'स्किड' जातीचा उंदीर घ्यायचा. त्याच्यात जन्मापासूनच टी आणि बी या प्रतिकारपेशी नसतात. त्याच्या पोटाच्या पोकळीत साधारण 4 लाख कोऱ्या पेशी टोचायच्या आणि दर आठवड्याला वजन करायचे. ज्याला प्रतिकारशक्ती नव्हती त्याला ती मिळाली, म्हणजे तो धट्टाकट्टा व्हायला हवा. प्रत्यक्षात सहा-आठ आठवड्यांत तो वाळतो, जुलाब सुरू होतात, मोठ्या आतड्याची भिंत जाड होते आणि श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात. वजन 20 टक्क्यांनी घटले की प्रयोग थांबवतात.

त्याच उंदराला अनुभवी पेशीही सोबत टोचल्या, तर आतडे शाबूत राहते. म्हणजे आतडे सुजवणाऱ्या पेशी निरोगी शरीरातही असतात. त्यांना आवरणाऱ्या पेशी त्यांच्या शेजारीच असतात. या आवरणाऱ्यांना आज नियामक टी-पेशी म्हणतात. आयएल-10 आणि टीजीएफ-बीटा हे सूज आवरणारे रेणू ही त्यांची मुख्य हत्यारे.

प्रयोग फसतो तो दोन ठिकाणी. वर्गीकरण ढिले झाले आणि कोऱ्या पेशींत नियामक पेशी मिसळल्या, तर आजार सौम्य होतो किंवा होतच नाही. दुसरी अडचण पिंजऱ्यातली: उंदराच्या आतड्यात जंतूच नसतील, तर सूज येत नाही. टी-पेशी चवताळतात त्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंवर. म्हणून एका प्रयोगशाळेत हमखास जमणारा प्रयोग दुसरीकडे फिका पडतो.

पुढे ऑक्सफर्डमध्ये पावरींच्या गटाने आयएल-23 या रेणूचा माग काढला. तो हल्लेखोर पेशींना चेतवतो आणि आतड्यात नियामक पेशी तयार होण्यात अडथळाही आणतो. आयएल-23 चे दोन भाग असतात, पी19 आणि पी40. यातला पी40 आयएल-12 मध्येही असतो. उस्टेकिनुमॅब हे औषध पी40 ला पकडते, त्यामुळे दोन्ही रेणू अडतात. रिसँकिझुमॅब हे औषध फक्त पी19 ला पकडते. आपल्याकडे हा फरक विशेष महत्त्वाचा, कारण क्षयाच्या जंतूंशी लढायला शरीराला आयएल-12 लागतो. तरीही यातले कोणतेही औषध सुरू करण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करावीच लागते.