जुन्या ट्रकचे क्लच बोल्ट : निवड आणि आवळणी

क्लच बोल्ट म्हणजे प्रेशर प्लेटचं (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या चकतीचं) कव्हर फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, धरून ठेवणारे बोल्ट, गाडीप्रमाणे सहा, आठ नाहीतर बारा. बोल्ट स्वस्त आहेत, पण तिथपर्यंत पोचायचं म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सोडा, गिअरबॉक्स उतरवा, जुन्या ट्रकवर यातच दिवस जातो, त्यामुळे हे काम एकदाच आणि नीट व्हायला हवं.

बऱ्याच जणांना वाटतं की इंजिनाची सगळी ताकद बोल्टच्या दांड्यावर येते, म्हणून बोल्ट जितका भारी तितका चांगला. खरं तर बोल्टचं मुख्य काम दाबून धरायचं. कव्हर फ्लायव्हीलवर घट्ट दाबलं गेलं की त्या दोघांमधल्या घर्षणाने ताकद पुढे जाते, काही गाड्यांत सोबतीला डॉवेल पिना, म्हणजे कव्हर जागेवर धरणाऱ्या बिनआट्याच्या पिना, असतात. बोल्ट ढिला पडला की कव्हर किंचित किंचित सरकायला लागतं, भोकं लांबट होतात आणि मग कितीही भारी बोल्ट असला तरी तुटतो.

म्हणून आधी आटे बघायचे, ग्रेड (बोल्टच्या मजबुतीचा दर्जा) नंतर. आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत दोन्ही मापं सापडतात. टेल्कोने १९५४ पासून डाइमलर-बेंझबरोबर बनवलेल्या टाटा-मर्सिडीज मिलिमीटरच्या, तर बेडफोर्ड, डॉज, फार्गो, शेवरलेट इंचाच्या. इंचाचं माप गॅरेजमध्ये सुतात सांगतात, एक सूत म्हणजे १/८ इंच, म्हणजे ५/१६ झाला अडीच सूत आणि ३/८ झाला तीन सूत. घोळ होतो तो या अडीच सुतात. ५/१६ ची जाडी ७.९४ मिमी, मिलिमीटरच्या एम-८ बोल्टची ८ मिमी, डोळ्याला फरक कळतच नाही, पण ५/१६ यूएनसीला (अमेरिकन इंची आटे) इंचात १८ आटे म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर, १.४१ मिमी आणि साध्या एम-८ ची पिच १.२५. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो आणि अडकतो. इथे पाना लावून जोर केला की फ्लायव्हीलचे आटे गेले, बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत फ्लायव्हीलच्या लोखंडाचा चकचकीत चुरा दिसतो. व्हिटवर्थचा (जुने ब्रिटिश आटे) ५/१६ अजून फसवा, त्यालाही १८ च आटे, पण आट्याचा कोन ५५ अंश आणि यूएनसीचा ६०. बोल्ट आत जातो, पण नीट बसत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बोल्ट आणायला जाताना जुना बोल्ट खिशात ठेवा आणि पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावूनच घ्या.

ग्रेड डोक्यावरच वाचता येते. इंचाच्या बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असे आकडे. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट इथे लावूच नका, स्टेनलेसचाही नको. कंपनीने खांद्याचा बोल्ट दिला असेल, म्हणजे डोक्याखाली बिनआट्याचा जाड भाग, तर तसाच शोधून लावा, कारण कव्हर मधोमध बसवायचं काम तो खांदा करतो. लांबीही मोजा. बोल्ट आखूड असला तर आट्यांची पकड कमी, लांब असला तर एकतर भोकाच्या तळाला टेकतो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो, नाहीतर फ्लायव्हीलच्या मागून बाहेर येऊन इंजिनाला घासतो.

आवळणी सुरू करण्याआधी भोकातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करायचे, तेल पुसून टाकायचं, स्प्रिंग वॉशर नवे घ्यायचे. क्लच प्लेट मधोमध धरायला गिअरबॉक्सचा जुना इनपुट शाफ्ट सगळ्यात उत्तम. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, पान्याला हातही लावू नका. मग समोरासमोरचे बोल्ट घेत प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा, कारण आतल्या स्प्रिंगा कव्हरला उलट ढकलत असतात आणि एकच बाजू आधी घट्ट केली तर कव्हर वाकतं, मग नवी प्लेट टाकूनही क्लच थरथरतो. पहिले काही फेरे कव्हर एका बाजूला वर उचललेलं दिसतं, घाबरू नका, हळूहळू सगळीकडून टेकतं.

कव्हर पूर्ण टेकल्यावरच टॉर्क रेंच, म्हणजे आवळायचा जोर (टॉर्क) मोजणारा पाना. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, अंदाज म्हणून सांगायचं तर कोरड्या आट्यांवर ग्रेड ५ चा ५/१६ साधारण १७ फूट-पौंड, ३/८ साधारण ३०, आणि ८.८ चा एम-८ साधारण २५ न्यूटन-मीटर. हे आकडे तसे लहान आहेत, लांब पान्याला लटकणारा माणूस ते सहज ओलांडतो. आट्यांना तेल असेल तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, मग आकडा कमी धरावा लागतो. शेवटी फ्लायव्हील हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे घासतंय का ते ऐका, आणि मगच गिअरबॉक्स वर चढवा.