डीमॅट खातं: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जातला एक रकाना

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या आपल्या घरांत शेअर म्हटलं की अजून सट्टाच आठवतो. पण चांगल्या कंपनीत दहा-पंधरा वर्षं भागीदार होऊन राहायचं असेल, तर सुरुवात डीमॅट खात्यापासूनच, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायच्या खात्यापासूनच होते.

खात्यासाठी वय १८ पूर्ण हवं. त्याहून लहान मुलाच्या नावाने खातं निघतं, पण ते पालक चालवतात. किमान उत्पन्नाची अट नाही.

पॅन, आधार, रद्द केलेला चेक, फोटो आणि सही एवढं पुरतं. पॅन आधारशी जोडलेलं असावं, आणि आधारला दिलेला मोबाइल चालू हवा, कारण ई-सही ओटीपीवर होते. अडतं ते नावापाशी. माझ्या मावशीच्या पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. अर्ज दोनदा परत आला. आधी नाव दोन्हीकडे एकसारखं करून घ्या.

ब्रोकर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेला आहे का, ते सेबीच्या संकेतस्थळावर बघा. तुमचे शेअर ब्रोकरकडे नाही, तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे असतात. त्यांचं एकत्रित विवरण ईमेलवर येतं, ते उघडून ताडून पाहा. नॉमिनी लगेच नोंदवा. तुमच्या नावावर हे एकच डीमॅट असेल तर मूलभूत सेवा खातं मागा: शेअर्सची किंमत ४ लाखांपर्यंत असेतो वार्षिक देखभाल शुल्क पडत नाही.

आता तो रकाना. अर्जात 'फ्युचर्स-ऑप्शन्स', म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, सुरू करायचं का, असं विचारतात आणि त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात. तिथे खूण करू नका. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, हे सेबीच्याच पाहणीतून निघालं. आपल्याला फक्त रोखीचा विभाग पुरे, म्हणजे पूर्ण पैसे देऊन प्रत्यक्ष शेअर घेणं.

खातं सुरू झालं की खरेदीआधी कंपनीचा वार्षिक अहवाल वाचा. तो बीएसई या मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांनी, आपले शेअर गहाण टाकलेत का, त्यांच्याच इतर कंपन्यांशी किती व्यवहार झाले, लेखापरीक्षकाने कुठे शेरा मारलाय, हे आधी शोधा. बाजारमूल्यात पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि कामगारांविषयीचा अहवालही द्यावाच लागतो. नंदेसरीचे रासायनिक कारखाने जवळून पाहिलेल्या बडोदेकराने त्यातलं सांडपाण्याचं आणि कामगारांच्या अपघातांचं पान नफ्याच्या आधी उघडावं.