१ जानेवारीच्या यादीमागचा इतिहास

दरवर्षी १ जानेवारीला परराष्ट्र मंत्रालयाचे एक दोन-तीन वाक्यांचे निवेदन येते. भारत आणि पाकिस्तानने आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या नवी दिल्लीत आणि इस्लामाबादमध्ये एकाच वेळी एकमेकांना दिल्या, एवढाच त्याचा मजकूर. वर्तमानपत्रे ते आतल्या पानावर टाकतात. त्यामागे मात्र चांगलीच घाबरवणारी काही वर्षे आहेत.

७ जून १९८१ रोजी इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली. शेजाऱ्याचा अणुकार्यक्रम बॉम्ब टाकून थांबवता येतो, हे जगाने पाहिले. इस्लामाबादला धडकी भरली. रावळपिंडीजवळ कहुटा येथे युरेनियम समृद्धीकरणाचे, म्हणजे बॉम्बलाही वापरता येईल असे युरेनियम तयार करण्याचे काम चालू होते आणि भारत तेच करील, अशी कुजबुज होती. अभ्यासकांनी पुढे नोंदवल्यानुसार, १९८३ साली व्हिएन्नात पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख मुनीर अहमद खान यांनी भारताचे अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांना स्पष्टच सांगितले, की कहुट्याला हात लावाल तर ट्रॉम्बे वाचणार नाही. ट्रॉम्बे म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथल्या अणुभट्ट्या आणि प्लुटोनियम वेगळे करणारा प्रकल्प यांच्यापासून चेंबूर-मानखुर्दची वस्ती हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी साधा बॉम्ब पडला तरी किरणोत्सर्गी द्रव्य शहरभर पसरू शकते; त्यासाठी शत्रूकडे अण्वस्त्र असायलाच हवे असे नाही. धमकीत वजन होते ते यामुळे.

डिसेंबर १९८५ मध्ये पाकिस्तानचे अध्यक्ष झिया-उल-हक दिल्लीत आले तेव्हा त्यांनी आणि राजीव गांधींनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असे तोंडी ठरवले. शब्द दिला, पण कागद झाला नाही. वर्षभरातच राजस्थानात ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड लष्करी सराव सुरू झाला, पाकिस्ताननेही सैन्य हलवले आणि १९८७ च्या जानेवारीत दोन्ही फौजा सीमेवर समोरासमोर आल्या. फेब्रुवारीत झिया क्रिकेट पाहायला जयपुरात येऊन गेले आणि ताण उतरला. तोंडी शब्दावर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न मात्र उरलाच.

कागद झाला तो ३१ डिसेंबर १९८८ रोजी. सार्क परिषदेच्या निमित्ताने राजीव गांधी इस्लामाबादला गेले होते आणि बेनझीर भुट्टोंना पंतप्रधान होऊन जेमतेम महिना झाला होता. परराष्ट्र सचिव के. पी. एस. मेनन आणि हुमायून खान यांनी सह्या केल्या. गंमत अशी, की त्याच बैठकीत विमान वाहतुकीच्या उत्पन्नावर दुहेरी कर लागू नये म्हणूनही एक करार झाला. अणुकेंद्रांवरील हल्ल्याचा विषय आणि विमान कंपन्यांचा कर एकाच टेबलावर! माझ्या मते हा करार टिकला तो या कोरडेपणामुळे. अवघी तीन कलमे. दुसऱ्याच्या अणुकेंद्राची नासधूस होईल असे काही करायचे नाही, करवायचे नाही, त्यात सामील व्हायचे नाही. वीज आणि संशोधनाच्या अणुभट्ट्या, इंधननिर्मिती, समृद्धीकरण, वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया, किरणोत्सर्गी द्रव्याचे मोठे साठे हे सगळे त्यात धरले आहे. दरवर्षी १ जानेवारीला अक्षांश-रेखांश कळवायचे, बदल झाला तर तेव्हाही. ना तपासणी, ना मैत्रीच्या आणाभाका.

अंमल सुरू व्हायला २७ जानेवारी १९९१ उजाडले आणि पहिल्या याद्या १ जानेवारी १९९२ रोजी दिल्या गेल्या. लगेच कुरबुरी सुरू झाल्या. समोरच्याने काही ठिकाणे वगळली, अशी शंका दोन्हीकडे होती. भारताच्या यादीत म्हैसूरजवळचे रत्तेहळ्ळीचे समृद्धीकरण केंद्र नसल्याचे तेव्हा बोलले गेले. तरीही याद्या देणे थांबले नाही. कारगिलच्या वर्षानंतर, विमान अपहरण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या दिल्या गेल्या. संसदेवरील हल्ल्यानंतर फौजा सीमेवर असताना १ जानेवारी २००२ लाही दिल्या गेल्या.

याद्या गोपनीय असतात. पण आता त्यांच्याभोवतीचा अंधार पूर्वीइतका दाट नाही. उपग्रहांची छायाचित्रे बाजारात विकत मिळू लागली आणि सरकारबाहेरची माणसे ती बारकाईने वाचू लागली. २००६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका स्वतंत्र संस्थेने पाकिस्तानातील खुशाबला दुसरी अणुभट्टी उभी राहत असल्याचे अशाच छायाचित्रांवरून दाखवून दिले. शस्त्रास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेचा अंदाज २०२५ च्या सुरुवातीला भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे असल्याचा होता. दोन्ही सरकारे हा आकडा स्वतःहून सांगत नाहीत, म्हणून सामान्य वाचकाला जे कळते ते या लोकांच्या हिशेबातूनच. हे सगळे अंदाज आहेत, हेही विसरून चालत नाही.

उघड माहितीचा उपयोग किती, हे मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात दिसले. भारताने पाकिस्तानातल्या किराना टेकड्यांमधल्या अणुसाठ्यावर मारा केला, किरणोत्सर्ग सुरू झाला, असे संदेश मोबाइलवर धो-धो फिरले. भारतीय हवाई दलाचे एअर मार्शल ए. के. भारती यांनी १२ मे रोजी पत्रकारांसमोर, तिथे काही अणुकेंद्र आहे हे सांगितल्याबद्दल चक्क आभार मानले आणि आपण तिथे मारा केला नसल्याचे स्पष्ट केले. पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही सांगितले. त्यानंतर राजनैतिक संबंध तळाला गेलेले असतानाही १ जानेवारी २०२६ ला सलग ३५ व्यांदा याद्या दिल्या गेल्या.

कमी आहे ती पुढच्या पायऱ्यांची. २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक, म्हणजे उंच कमानीने जाऊन पडणाऱ्या क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी द्यावी लागते आणि ते सीमेपासून ४० किलोमीटरच्या आतून सोडता येत नाही. २००७ मध्ये अण्वस्त्रांच्या अपघाताबद्दल एकमेकांना कळवण्याचा करार झाला. त्यानंतर या विषयावर नवे असे काही नाही. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटके नव्हती, हे नशीब. भारताने दोन दिवसांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला, पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना घरी पाठवले. पण ते ब्राह्मोस होते, म्हणजे विमानासारखे उडत जाणाऱ्या क्रूझ जातीचे. आणि क्रूझ क्षेपणास्त्रांच्या चाचण्या २००५ च्या करारात येतच नाहीत.