बहारुल इस्लाम आणि रंजन गोगोई: दोघंही जज, दोघंही राज्यसभेत, पण सेम टू सेम नाही

राज्यघटनेची बॅच घेताना संसदेचा चॅप्टर आला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आणि ते प्रश्न म्हणून येत नाही, निकाल दिल्यासारखं येतं. "सर, गोगोईंना भाजपने खासदार केलं तसंच काँग्रेसने त्या बहारुल इस्लामांना केलंच होतं की, सेम टू सेम." सदाशिव पेठेत एमपीएससीला येणारी पोरं पाठांतराला वाघ असतात, राज्यसभेच्या रचनेचं कलम ८० विचारा, झोपेतून उठवून सांगतील, पण हे दोन जज म्हणजे एकाच माळेचे मणी हे त्यांच्या डोक्यात इतकं फिट्ट बसलेलं असतं की ते काढायला माझे दोन तास जातात. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

गोंधळ होणं साहजिकच आहे म्हणा. दोघंही आसामचे. दोघंही गौहाटी हायकोर्टात जज होते, दोघंही पुढे सुप्रीम कोर्टात गेले, आणि दोघंही नंतर राज्यसभेत दिसले. दोघांच्याही वेळी "हे निकालाचं बक्षीस" असा आरडाओरडा झाला. इथपर्यंत जुळतं, पुढे जुळत नाही.

आधी इस्लाम, कारण त्यांची गोष्ट जास्त वळणांची आहे. हे मुळात राजकारणी. १९५६ साली काँग्रेसमध्ये आले, १९६२ ला राज्यसभेवर, १९६८ ला परत राज्यसभेवर. म्हणजे जज व्हायच्या आधीच दोनदा खासदार, ही गोष्ट अर्ध्या लोकांना माहीतच नसते. मग १९७२ च्या जानेवारीत खासदारकी सोडली आणि थेट हायकोर्टाचे जज. १९७९ ला चीफ जस्टिस, १ मार्च १९८० ला वयाची ६२ वर्षं पूर्ण, रिटायर. इथे गोष्ट संपायला हवी होती ना? पण दरम्यान जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेत आल्या होत्या, आणि डिसेंबर १९८० मध्ये, म्हणजे रिटायर होऊन नऊ महिने झालेल्या या माणसाला सुप्रीम कोर्टात आणलं गेलं. रिटायर झालेला हायकोर्ट जज उचलून सुप्रीम कोर्टात, हे कायद्यात बसतं, पण असं रोज होत नाही.

आता मेन केस. बिहारचे जगन्नाथ मिश्रा, काँग्रेसचे मुख्यमंत्री, आणि पाटणा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा घोटाळा. आरोप असा की मुख्यमंत्री असताना त्यांनी बँकेच्या चेअरमनला वाचवलं. त्यावर खटला भरला गेला. मग १९८० मध्ये मिश्रा परत मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच सरकारच्या काळात खटला मागे घ्यायचा अर्ज कोर्टात गेला. अहो म्हणजे आरोपी तोच, सरकार त्याचंच, आणि सरकार म्हणतंय जाऊ दे. शिवनंदन पासवान म्हणून एक जण सुप्रीम कोर्टात गेले की हे चालणार नाही म्हणून. तीन जजचं बेंच होतं, आणि १६ डिसेंबर १९८२ ला दोन विरुद्ध एक असा निकाल आला, खटला मागे घेणं योग्य. योग्य म्हणणाऱ्या दोघांत एक बहारुल इस्लाम. अयोग्य म्हणणारा एकटा माणूस म्हणजे आपल्या मुंबई हायकोर्टातून गेलेले व्ही. डी. तुळजापूरकर. बॅचमध्ये हे नाव सांगितलं की पोरं जरा सावरून बसतात, मराठी आडनाव ना.

आणि बरोब्बर महिन्याभरात, जानेवारी १९८३ मध्ये, इस्लामांनी राजीनामा दिला. रिटायर व्हायला सहा आठवडे बाकी होते हो! सहा आठवडे थांबवलं नाही. कारण त्यांना आसाममधल्या बारपेटाहून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभा लढवायची होती.

इथे जरा थांबतो कारण हा भाग सगळे गाळतात. इस्लाम राज्यसभेसाठी कोर्ट सोडून गेले नव्हते, लोकसभेसाठी गेले होते, जनतेत जाऊन मतं मागायला. पण तेव्हाचा आसाम म्हणजे पेटलेला. मतदार याद्यांत परदेशी लोकांची नावं आहेत, ती काढल्याशिवाय निवडणूक होऊ देणार नाही असं आंदोलन, बहिष्कार, फेब्रुवारीत नेल्लीचं हत्याकांड. बारपेटात मतदान झालंच नाही. विधानसभेची निवडणूक मात्र त्याच रक्तपातात उरकली गेली, काँग्रेस मोठ्या बहुमताने आली, आणि जूनमध्ये इस्लाम राज्यसभेत. तिसऱ्यांदा. काँग्रेसचे, निवडून आलेले, उघड उघड पक्षाचे खासदार.

न्यायाने बोलायचं तर एक गोष्ट त्यांच्या बाजूची पण सांगायला पाहिजे. ते पासवान प्रकरण नंतर परत पाच जजच्या बेंचपुढे गेलं आणि तिथेही तीन विरुद्ध दोनने खटला मागे घेणंच टिकलं. म्हणजे कायद्याच्या अंगाने इस्लामांचं मत अगदीच हवेतलं नव्हतं. पण निकाल डिसेंबरात आणि तिकीट जानेवारीत, यावर कोणता वकील कसला युक्तिवाद करणार?

आता गोगोई. यांचा रस्ता सरळ जजचा. वडील केशवचंद्र गोगोई १९८२ साली दोनेक महिने आसामचे मुख्यमंत्री होते, तेही काँग्रेसचे, हे ऐकून पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण स्वतः रंजन गोगोई कधी कोणत्या पक्षात नव्हते. वकिली, २००१ ला गौहाटी हायकोर्ट, मग पंजाब-हरियाणाचे चीफ जस्टिस, २०१२ ला सुप्रीम कोर्ट. १२ जानेवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या चार सीनियर जजनी तेव्हाच्या सरन्यायाधीशांच्या कारभारावर जी प्रेस कॉन्फरन्स घेतली त्यातले एक हे, तेव्हा आजचे टीकाकार त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होते. ऑक्टोबर २०१८ ते १७ नोव्हेंबर २०१९ सरन्यायाधीश. त्या काळातली मोठी प्रकरणं म्हणजे राफेल विमान खरेदी, एनआरसी म्हणजे आसामची नागरिक नोंदवही, आणि जायच्या आठ दिवस आधी अयोध्या. १६ मार्च २०२० ला राज्यसभेवर नेमणूक. चार महिने. आणि ज्या माणसाने मार्च २०१९ मध्ये कोर्टात बसून म्हटलं होतं की रिटायरमेंटनंतरच्या नेमणुका न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यावर डाग आहेत असं एक सबळ मत आहे, त्यानेच ती घेतली. १९ मार्चला शपथ घेताना विरोधक "शेम शेम" ओरडत बाहेर पडले.

पण, आणि इथेच घोडं पेंड खातं, गोगोईंना "भाजपचे खासदार" म्हणणं कागदावर चूक आहे. ते राष्ट्रपती नियुक्त. राज्यसभेत अशा १२ जागा असतात, साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यातल्या जाणकारांसाठी. लतादीदी तिथूनच गेल्या, सचिन तिथूनच गेला. आपल्याकडे विधान परिषदेच्या राज्यपाल नियुक्त १२ जागांवरून एवढी वर्षं जे महाभारत चाललं त्याचंच हे दिल्लीचं भावंड, फक्त आपल्या यादीत सहकार पण असतो, साहजिकच. कायदा हा शब्द दिल्लीच्या यादीत नाहीये, तरी वकील मंडळी त्यातून जात आलीत, फली नरिमन गेले होते १९९९ ला. राष्ट्रपती सही करतात, पण नाव सरकारच सुचवतं. म्हणजे पक्षाचा शिक्का नाही, पण नाव लिहिणारा हात पक्षाचाच.

याने फरक काय पडतो? पडतो, आणि बराच. इस्लाम निवडून आलेले, म्हणून १९८७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत त्यांना मत होतं. गोगोईंना २०२२ ला मुर्मूंच्या निवडणुकीत मत नव्हतं, कारण कलम ५४ फक्त निवडून आलेल्यांना घेतं. पण त्याच वर्षी उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत होतं, तिथे सगळे खासदार चालतात. दरवर्षी एमसीक्यूत यावरच पोरं मार्क घालवतात. मग व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं हा पक्षाचा आदेश. निवडून आलेल्याने पक्षाचा व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते, हा कायदा १९८५ ला आला, म्हणजे इस्लामांची टर्म चालू असताना. नियुक्त सदस्याला पहिल्या सहा महिन्यांत पक्षात जायची मुभा असते, त्यानंतर गेला तर सीट गेली. संभाजीराजे छत्रपती त्या मुदतीत भाजपच्या बाकावर गेले, नरेंद्र जाधव गेले नाहीत, दोघंही २०१६ चेच नियुक्त. गोगोई पण गेले नाहीत. त्यामुळे व्हिप नाही, मतदारसंघ नाही, परत तिकीट मागायचं नाही. २०२१ च्या शेवटी एका टीव्ही मुलाखतीत हजेरीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी कोविडचं कारण दिलं, आणि वर सांगितलं की मला वाटेल तेव्हा जातो, मी कुठल्या व्हिपला बांधील नाही. त्यावर विरोधकांनी हक्कभंगाच्या नोटिसा दिल्या. मला विचाराल तर त्यांनी नियम अगदी बरोबर सांगितला होता, आणि तोच तर प्रॉब्लेम आहे.

लोकांना वाटतं नियुक्ती म्हणजे स्वच्छ, तिकीट म्हणजे घाण. मला उलटं वाटतं. इस्लामांचं टायमिंग भयंकर होतं, गोगोईंपेक्षा कितीतरी वाईट, कारण ते कोर्टात बसलेले असतानाच मनाने बारपेटात पोचले असणार. पण त्यांनी पाटी लावली, मी काँग्रेसचा. लोकांना पाडता आलं असतं, निदान मतदान झालं असतं तर. नियुक्त माणसाला पाडायचं कोणी आणि कुठे?

आणि हे दोन दरवाजे, निवडून येण्याचा आणि नियुक्तीचा, एकाच माणसाला पण लागू शकतात. गोगोईंना जी जागा मिळाली ती सीनियर वकील के. टी. एस. तुलसींची रिकामी झालेली. तुलसी २०१४ ला नियुक्त होते, आणि २०२० ला तेच तुलसी छत्तीसगडहून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून राज्यसभेत परत आले. आपल्याकडचं उदाहरण याच्या उलट, उज्ज्वल निकम. २०२४ ला उत्तर मध्य मुंबईतून भाजपचे उमेदवार, वर्षा गायकवाडांकडून हरले, आणि २०२५ च्या जुलैत राष्ट्रपती नियुक्त. पुढचा दरवाजा बंद, शेजारचा उघडला. ते जज नव्हते, सरकारी वकील होते, पण दरवाजे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही.

राज्यसभेत गेलेले आणखी एक जज म्हणजे रंगनाथ मिश्रा, त्यांचं पटकन सांगतो, त्यांच्यात खाचाखोचा कमी आहेत. सरन्यायाधीश, १९९१ ला रिटायर, मग मानवाधिकार आयोगाचे पहिले अध्यक्ष, आणि १९९८ ला ओडिशातून काँग्रेसच्या तिकिटावर राज्यसभा. जवळपास सात वर्षांचं अंतर. १९८४ च्या शीखविरोधी दंगलींची चौकशी त्यांनी केली होती, त्यावरून जो राग आहे तो वेगळा विषय. पण गोगोईंशी त्यांचं फक्त पद जुळतं. इस्लामांच्या जवळ कोणी असेल तर अभिजित गंगोपाध्याय, कलकत्ता हायकोर्ट, ५ मार्च २०२४ ला राजीनामा, ७ मार्चला भाजप, आणि जूनमध्ये तामलूकहून लोकसभेत. इस्लामांचा प्लॅन होता तो यांचा तडीस गेला. पक्षाचं नाव बदललं की लोकांना साम्य दिसायचं बंद होतं, हे एक नवल.

शेवटी एक हुशार पोरगी विचारतेच, "सर मग धड असा एकही नाही का?" तिला मी के. एस. हेगडे सांगतो. हेगडेंचा रस्ता हुबेहूब इस्लामांचा, १९५२ ला काँग्रेसचे राज्यसभा खासदार, १९५७ ला ते सोडून म्हैसूर हायकोर्टाचे जज, पुढे सुप्रीम कोर्ट. फक्त पुढचं बघा. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारतीचा निकाल, घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही म्हणणाऱ्यांत हेगडे. दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा सीनियर जजना डावलून सरन्यायाधीश म्हणून ए. एन. राय यांचं नाव जाहीर. तिघांनीही राजीनामे दिले. हेगडे चार वर्षांनी, १९७७ ला, बंगळूर दक्षिणमधून जनता पक्षातर्फे लोकसभेत निवडून आले आणि स्पीकर झाले. निकाल त्यांनीही दिला होता, पण त्याचं बक्षीस नाही, दंड मिळाला, आणि मग ते लोकांकडे गेले.

गोगोईंचं राज्यसभेतलं पहिलं भाषण ७ ऑगस्ट २०२३ चं, नेमणुकीनंतर तीन वर्षांहून जास्त काळाने, दिल्ली सरकारच्या अधिकाऱ्यांवर कंट्रोल कोणाचा त्या बिलावर. ते उठले तशा चार महिला खासदार बाहेर गेल्या, त्यात पुण्याच्या वंदना चव्हाण आणि महाराष्ट्रातून गेलेल्या प्रियंका चतुर्वेदी. त्या भाषणात गोगोई म्हणाले की मूलभूत चौकटीच्या सिद्धांताला जो कायदेशीर पाया आहे तो वादग्रस्त आहे. बिल १३१ विरुद्ध १०२ ने पास झालं. ज्या सिद्धांतापायी हेगडेंची खुर्ची गेली होती तोच हा.